दुलियाचं राहिलेलं वाक्य

हार्लो, ९ फेब्रुवारी

यारेत्सी,

सहा वर्षांत मी तुला अकरा पत्रं पाठवली आणि तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. ही तक्रार नाही. हे बारावं आहे, एवढंच सांगते.

काल चेलामावशीचा शिकागोहून फोन आला. म्हणाली, "कुका, पोरगी तीन आठवडे कॉलेजला गेलेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. सूप नेऊन ठेवते ते सायीसकट परत आणते. विचारलं तर एकच म्हणते, आईला मी मारलं."

मग तिने वर्गातली गोष्ट सांगितली. बाईंनी पडद्यावर एका गावच्या घराचा फोटो दाखवला म्हणे. विद्यापीठ आणि गाव मिळून दोन्ही भाषांत मनाचे उपचार कसे करतात, याचा नमुना म्हणून. फोटोत भिंत होती आणि भिंतीवर वाक्य होतं: 'त्या खोलीत दोन्ही भाषा येणारं एकच माणूस होतं, आणि ते तेरा वर्षांचं होतं.' शेजारची मुलगी हळहळली आणि तिने ते वहीत उतरवून घेतलं. तू वही मिटलीस आणि उठून गेलीस.

वाक्य माझं आहे. लपवायचं कशाला? चर्चच्या हॉलमध्ये विद्यापीठाची माणसं पहिल्यांदा आली, तेव्हा मी ते बोलले होते. तू सातव्या रांगेत बसली होतीस. सगळं सभागृह उभं राहिलं. तू बसून राहिलीस. पुढच्या महिन्यात तू मावशीकडे जायचं म्हणालीस आणि मी तुझी बॅग भरून दिली.

पण पोरी, मी तुझ्यावर बोट ठेवलं नव्हतं! मी विचारलं होतं की ज्या गावात सफरचंदाच्या पेट्या भरणाऱ्या दहा हातांतले नऊ आमचे, त्या गावच्या दवाखान्यात आमची स्पॅनिश बोलणारं एक माणूस का नाही? आजारी बाईने आपलं मरण आपल्या लेकराच्या तोंडून सांगायचं? ते लेकरू शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून येतं, दप्तर मांडीवर घेऊन बसतं, आणि डॉक्टर त्याला मोठ्या माणसासारखं विचारतो, 'आईला विचार, मरावंसं वाटतं का.' हा गुन्हा कोणाचा? त्या लेकराचा? मी तेव्हाही ओरडून सांगितलं आणि आजही सांगते, नाही, नाही, नाही.

तू त्या दिवशी आईचं बोलणं सगळं सांगितलं नाहीस. 'ती थकली आहे, तिला झोप येत नाही,' एवढंच सांगितलंस. कोणतं लेकरू आणखी काही सांगू शकलं असतं? मीही होते तिथे, कोपऱ्यातल्या खुर्चीत, तुझ्या आईची पर्स धरून. पण मला तेव्हा इंग्रजी कुठे येत होतं? तुला ठाऊकच आहे.

जेव. निदान सूप पी. तीस एप्रिलला त्या फोटोतल्या, आपल्या घराला सहा वर्षं होतात. तू यावंस असं सगळ्यांना वाटतं. मला तर वाटतंच.

तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातांवर धरणारी, तुझी माद्रिना,
कुका

हार्लो, २ मार्च

यारेत्सी,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'आ' अजून तसाच काढतेस, पोट फुगलेला.

दोनच ओळी आहेत. 'आई तुझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली आणि तू हसलीस. का हसलीस?'

सांगते. पण आधी घराचं सांगू दे, कारण तू ते कधी आतून पाहिलंच नाहीस.

विद्यापीठातून प्राध्यापक लिंडग्रेन आल्या. सहा फूट उंच, केस गव्हाच्या काडासारखे, आणि स्पॅनिश अशी शुद्ध की ऐकताना आपल्यालाच अंघोळ घातल्यासारखं वाटावं. ठरलं असं की विद्यापीठाने माणसं शिकवायची आणि गावाने माणसं आणायची. पहिल्या महिन्यात त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं, शून्य ते तीनमध्ये सांगा. पॅकिंग शेडमधल्या दोन्या तोमासाने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बाई, तीनाच्या पुढचं कुठे लिहायचं?" लिंडग्रेनबाईंना हसावं की टिपून घ्यावं ते कळेना. त्यांनी टिपून घेतलं.

दुसऱ्या महिन्यात कोणीच आलं नाही. दारावर 'मानसिक' असा शब्द लिहिलेला, आणि समोरच लाँड्री. कोण वेडं त्या दारातून आत जाईल? मग मी म्हटलं, टेबलं काढा, मक्याचं पीठ आणा. आता दर गुरुवारी बारा-पंधरा बायका तमालेस करायला बसतात. हात पिठात गुंतले की माणूस कोणाच्या डोळ्यांत बघत नाही, आणि डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा ते खरं बोलतं. आपल्याच गावच्या दोघीतिघी शिकून तयार झाल्या आहेत. त्या टेबलावर बसतात आणि कोणाचं बोलणं खोल गेलं की तिला हळूच म्हणतात, "चला, आत हात धुऊ." आतल्या खोलीत नळ आहे, दोन खुर्च्या आहेत आणि बंद होणारं दार आहे. गावात आता 'हात धुऊन आले' म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. लिंडग्रेनबाईंचा पहिला तमाल उकडताना फुटला होता. तोमासा म्हणाली, "असू द्या, प्राध्यापक, तुम्ही कागदावर चांगल्या आहात." त्या गेली सहा वर्षं दर गुरुवारी अडीच तास गाडी चालवत येतात, आणि आता त्यांचा फुटत नाही.

हे सगळं तुझ्या आईमुळे झालं. तिची आई तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानमध्ये वारली आणि कागदपत्रं नाहीत म्हणून तिला मातीला जाता आलं नाही. तिने फोनवर अंत्यविधी ऐकला. तेव्हा असं घर असतं, तर तिला त्या टेबलाशी बसवलं असतं.

हसण्याचं विचारलंस. हसले असेन. घाबरलेलं माणूस हसतं.

कुका

हार्लो, १९ मार्च

यारेत्सी,

चेलाचा फोन आला होता. तिने तुझ्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकली म्हणाली. फोन ठेवला तेव्हा रिसीव्हरवर माझ्या बोटांचे ओले ठसे उमटले होते.

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. एक खोटं स्पष्ट होतं आणि दुसरं गप्पांच्या आड दडवलेलं. हे पत्र वाचताना चेलाला शेजारी बसव. आणि तिथे शिकागोत आपल्या भाषेत बोलणारं कोणी असेल तर हे वाचून झाल्यावर त्याच दिवशी जा. हे मी तुझी माद्रिना म्हणून सांगते. हा हक्क मी गमावला असला तरी सांगते.

मला इंग्रजी येत होतं.

नीट येत होतं. पंचवीस वर्षं या देशात राहून, चार संप करून न यायला मी काय दगड होते? रात्रशाळेत नाही शिकले. रेडिओवर शिकले, जुन्या वर्तमानपत्रांतून शिकले, शब्दकोशाची पानं कपाटाच्या आत चिकटवून शिकले. आणि कोणाला कळू दिलं नाही. वाटाघाटीला बसले की मी दुभाषा मागायची. शेडचा मॅनेजर आणि त्याचा वकील माझ्यासमोर आपसात मोकळेपणी बोलायचे, कारण त्यांच्या लेखी मी खुर्ची होते. दुभाषा बोलायला सुरुवात करायचा तोवर माझं उत्तर तयार असायचं. लोक म्हणायचे, कुकाला मालकाच्या मनातलं वाचता येतं. मनातलं कसलं, कानावर पडलेलं! हे माझं हत्यार होतं, आणि हत्यार घरच्यांनाही दाखवायचं नसतं असं मी स्वतःला बजावलं होतं.

आता त्या खोलीचं सांगते. तो ऑक्टोबरातला बुधवार होता. शनिवारी वाटाघाट होती.

डॉक्टरने तुला विचारलं आणि तू आईला विचारलंस. तुझा आवाज बारीक झाला होता. दुलिया खाली बघत म्हणाली, "आई गेली तेव्हापासून कालवा मला हाक मारतो. सकाळी कामावर जाताना पुलावर थांबते, आणि रोज तिथून निघायला जरा जास्त वेळ लागतो." हे तुला आठवतं, हे मला माहीत आहे. यातलंच तू सांगितलं नाहीस.

पण मधे एक गोष्ट झाली. तुला आठवतो फक्त तिचा चेहरा वळलेला आणि माझं हसणं. ती हळू बोलली होती. नर्स तेव्हा ड्रॉवर उघडझाप करत होती. तुझी आई माझ्याकडे वळून म्हणाली, "कोमाद्रे, हे पोरीच्या तोंडून नको. तू सांग. तुला येतं, मला ठाऊक आहे."

तिला माहीत होतं. कोणत्या तरी बैठकीत मॅनेजरने केलेल्या विनोदावर मी ओठ आवळले असतील, आणि ते तिने पाहिलं असेल. एवढी वर्षं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. कोमाद्रे म्हणजे काय असतं, यारेत्सी? एकीचं लेकरू दुसरीने बाप्तिस्म्याला उचललं की त्या दोघी देवासमोर बहिणी होतात. तिने माझं गुपित बहिणीसारखं सांभाळलं आणि आयुष्यात एकदाच वापरलं. स्वतःसाठी नाही. तुझ्यासाठी.

मी हसले. म्हणाले, "मला कुठे येतं गं, दुलिया! देवाने मला जीभ एकच दिली, आणि तीही लांब."

का हसले ते विचारलंस. ड्रॉवर उघडणारी नर्स मॅनेजरची बायको होती. मी त्या खोलीत इंग्रजीत एक वाक्य बोलले असते, तर संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते मॅनेजरला कळलं असतं, आणि शनिवारी त्याने माझ्यासमोर तोंड उघडलं नसतं. मी डोक्यात हिशेब मांडला. पूर्ण मांडला. दुलियाला रविवारी बघू, असा निकाल दिला. नर्सला बाहेर जायला सांगता आलं असतं. दारात जाऊन डॉक्टरच्या कानात बोलता आलं असतं. संध्याकाळी एकटीने परत जाता आलं असतं. यातलं प्रत्येक मला तेव्हाही सुचलं होतं.

मग आईने पुन्हा तुझ्याकडे पाहिलं आणि तू म्हणालीस, 'ती थकली आहे, तिला झोप येत नाही.' तू तेरा वर्षांची होतीस. तुझ्या आईने मदत मागितली ती एका मोठ्या बाईकडे, आणि त्या मोठ्या बाईने हसण्यावारी नेली. त्यानंतर जे तुझ्या पदरात पडलं ते तुझं नव्हतंच.

शनिवारी वकील मॅनेजरला म्हणाला, हातमोजे देऊन टाक, त्यात त्या खूश होतील. या आठवड्यात काम बंद पडणं आपल्याला झेपणार नाही. मी ऐकलं आणि अडून बसले. हातमोज्यांबरोबर दहा मिनिटांची सुट्टीही मिळाली. बाहेर बायका नाचल्या. पहिल्या रांगेत तुझी आई होती. माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. रविवारी मला ताप आला. सोमवारी मी दमले होते. मंगळवारी ती पुलावर गेली आणि पुढे आलीच नाही.

शेडमध्ये आजही सकाळी दहाला घंटा होते आणि बायका दहा मिनिटं बसतात. त्या घंटेचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो.

आणि मग मी तुझ्या आईचं मरण घेऊन मंचावर चढले, आणि त्या खोलीतून स्वतःला पुसून टाकलं. 'दोन्ही भाषा येणारं एकच माणूस.' किती सुबक वाक्य! ते खोटं होतं म्हणून इतकं सुबक होतं. घर उभं राहिलं, ते खरं आहे. शेकडो माणसं तिथे हात धुऊन गेली, तेही खरं आहे. पण त्याच्या पायात मी तुला गाडलं.

माफी मागत नाही. माफी मागणं म्हणजे तुला पुन्हा काहीतरी काम सांगणं. तू फक्त हे ऐक. तू आईला मारलं नाहीस.

रेफुहिओ, जिला तू कुका म्हणायचीस

हार्लो, ११ एप्रिल

यारेत्सी,

चेला म्हणाली, तू पत्र वाचलंस. तिसऱ्या दिवशी कोट घालून तिच्याबरोबर बाहेर पडलीस. कुठे गेलात ते तिने सांगितलं नाही. सांगू नये.

इथलं कळवते. परवा गुरुवारी मी टेबलाशी बसले आणि पिठात हात असतानाच सगळं बोलून टाकलं. त्या खोलीचं, त्या वाक्याचं आणि माझ्या इंग्रजीचं.

मग तोमासा म्हणाली, "म्हणजे पंचवीस वर्षं आम्ही तुझ्यासाठी दुभाषा आणत होतो? त्याला दर वेळी जेवू घालत होतो?" दोघीजणी हसल्या. मलाही हसू येणार होतं. पण तोमासा हसत नव्हती. ती म्हणाली, "दुलिया पट्ट्यावर माझ्या शेजारी उभी राहायची. तिने एकदा मला विचारलं होतं, कुका अशी का आहे गं, आपल्यासाठी भांडते पण आपल्याकडे बघत नाही. मी तुझी बाजू घेतली होती." मग ती उठली, हात धुतले, खरोखरच धुतले, आणि निघून गेली. तिच्यामागून आणखी चौघी गेल्या.

लिंडग्रेनबाई थांबल्या. मला वाटलं, आता त्या घराच्या भवितव्याचं बोलतील, कारण विद्यापीठाशी करार जूनमध्ये पुन्हा व्हायचा आहे. त्या म्हणाल्या, "हे वाक्य मी दहा ठिकाणी दाखवलंय. त्या मुलीला एकदाही विचारलं नाही." आणि माझ्याआधी त्याच रडल्या. मी त्यांना इंग्रजीत म्हटलं की गाडी हळू चालवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टेबलच बोललं.

भिंतीवरचं वाक्य मी स्वतः रंगवून झाकलं. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, तरी अक्षरं खालून दिसतात. तिसरा हात देणार आहे.

आणि मीही आत गेले. हात धुवायला. समोर तेवीस वर्षांची मुलगी होती, याच गावची, विद्यापीठात शिकून आलेली. तिने विचारलं, "दोन्या कुका, कोणत्या भाषेत बोलाल?" मी तीस वर्षं सभा गाजवल्या, यारेत्सी. पाऊण तास त्या खुर्चीत बसले आणि एका भाषेतही तोंड उघडलं नाही. निघताना ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी पुन्हा या. जाणार आहे.

तीसला मला भाषण करायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं.

रेफुहिओ

हार्लो, ३ मे

यारेत्सी,

तुझं पाकीट अठ्ठावीसला आलं. जाड होतं. वाटलं, माझी सगळी पत्रं परत पाठवलीस.

आत माझं एकच पत्र होतं, एकोणीस मार्चचं. आणि त्याच्याबरोबर त्याचं इंग्रजी, तुझ्या हाताने लिहिलेलं, सात पानं. मी दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत वाचली. तू काहीही गाळलं नाहीस. पुलावरचं थांबणं आहे. नर्सचा ड्रॉवर आहे. 'रविवारी बघू' आहे. मी हसले, तिथे तू 'हसली'च लिहिलंस, 'स्मित केलं' असं लिहून मला सोडलं नाहीस. लांब जिभेचा विनोदसुद्धा आणलास, आणि इंग्रजीत तो आणखी ओंगळ वाटतो. तेराव्या वर्षी जे मऊ करून सांगितलंस त्याची भरपाई तू माझ्या पत्रात एकही शब्द मऊ न करता केलीस, असं मला वाटलं. कदाचित मी पुन्हा भाषणच करते आहे. तुझं तुलाच ठाऊक.

शेवटच्या पानाखाली तू स्पॅनिशमध्ये एकच ओळ लिहिली होतीस: 'तीस तारखेला हे तू वाच. तुला येतं, मला ठाऊक आहे.'

तर मी वाचलं. चर्चच्या त्याच हॉलमध्ये. विद्यापीठाची माणसं होती, शेडच्या बायका होत्या. मॅनेजर आता म्हातारा झालाय, तोही मागे उभा होता आणि शेजारी त्याची बायको. मी आधी आपल्या भाषेत वाचलं, मग तुझ्या इंग्रजीत. तुझ्या आईच्या वाक्यापाशी मी थांबले. तोमासा पहिल्या रांगेतून म्हणाली, "वाच, थांबू नकोस." ती त्या गुरुवारनंतर माझ्याशी तेवढंच बोलली आहे. मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. कालवा, पूल, निघायला लागणारा वेळ. सात वर्षं उशिरा का होईना, दुलियाचं म्हणणं त्या गावच्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगितलं गेलं. मॅनेजरची बायको तोंडावर हात धरून उभी होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण त्या खोलीत तिला आपली भाषा येत नव्हती. मला येत होत्या, दोन्ही.

वाचून झाल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. मी मंचावरून खाली उतरले आणि माझ्या पावलांचा आवाज मला ऐकू येत होता.

सातव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर मी तुझ्यासाठी शाल ठेवली होती. ती कोणी हलवली नाही. येताना घरी घेऊन आले.

रेफुहिओ